सुंभ, पीळ आणि वादळ

वाचक विचारतात

मागच्या महिन्यात गारपिटीबद्दल लिहिताना ‘हेलिसिटी’ हा शब्द मी जाता जाता टाकला आणि पुढे निघून गेले. वाचकांनी मला जाऊ दिलं नाही. एका पोस्टकार्डावर तर फक्त ‘ही कोण?’ एवढंच लिहिलेलं होतं. निवडक पत्रांना इथे उत्तरं देते. पोस्टकार्डवाल्यांनी पहिलं उत्तर आपलंच समजावं.

प्रश्न : आम्ही मूळचे सांगलीचे. नऊ वर्षांपासून ओक्लाहोमा सिटीजवळ राहतो. एप्रिल-मे आला की टीव्हीवरचा हवामानवाला नकाशावर रंगीत पट्टे दाखवत ‘हेलिसिटी चारशेच्या वर’ म्हणतो आणि शेजारी वादळाच्या खोलीचं झाकण उघडून बघायला लागतात. ताई, हे चारशे कशाचे?

उत्तर : सांगते. त्याआधी एका नटाची गोष्ट ऐका.

१९७९ साली मी वेधशाळेत लागले. विदर्भातलं छोटं केंद्र. काम पायलट बलूनचं, म्हणजे वरचा वारा मोजायचं. रबरी फुग्यात हायड्रोजन भरायचा, फुगा सोडायचा आणि थिओडोलाइटमधून दर मिनिटाला त्याचे कोन वाचायचे. आभाळ निळं असेल तर पांढरा फुगा, ढगाळ असेल तर लाल किंवा काळा. पहिल्याच आठवड्यात मी पाना घेऊन हायड्रोजनच्या सिलिंडरशी झटत होते. नट सैल व्हायचं सोडून आवळत चालला होता. आमचे खलाशी मामा (वेधशाळेत मदतनिसाला खलाशी म्हणत, समुद्राशी काही संबंध नाही) विडी लांब विझवून आले, माझ्या हातातला पाना घेतला आणि म्हणाले, ‘‘बाई, जळणाऱ्या गॅसचे आटे उलटे असतात. ऑक्सिजनचे सुलटे. म्हणजे घाईत, अंधारात कोणी चुकीची नळी चुकीच्या टाकीला बसवू नये.’’

सुलटे आटे, उलटे आटे. हेलिसिटीला एवढी शिदोरी पुरते. भोवरा जागच्या जागी फिरतो, पण आसाच्या दिशेने सरकत नाही. भिरकावलेला दगड सरकतो. तो फिरेलच असं नाही. स्क्रू फिरतोही आणि फिरता फिरता आसाच्या दिशेने पुढेही जातो. हवेच्या एखाद्या तुकड्यात ही स्क्रूची चाल किती आहे, ते मोजणारा आकडा म्हणजे हेलिसिटी. हवेची फिरकी घ्यायची, तिच्या आसाच्या दिशेने हवेचा वेग किती तो घ्यायचा, दोघांचा गुणाकार करायचा. सुलट्या आट्यांची चाल असेल तर उत्तर धन, उलट्या आट्यांची असेल तर ऋण. मी आपलं घरगुती नाव ठेवलंय: पीळ. दोरीला असतो तोच.

आता हा पीळ तुमच्या ओक्लाहोमात येतो कुठून? जमिनीलगत वारा मंद असतो, वर जोराचा. मधली हवा त्यामुळे आडवी लोळत असते, पोळीवरच्या लाटण्यासारखी. हे लाटणं दिसत नाही, पण फिरकी असतेच. अशा वेळी एखादा वादळी ढग खालची हवा आत ओढू लागतो. हवा जर लाटण्याला आडवी शिरली, म्हणजे पोळी लाटताना लाटणं ज्या दिशेने पुढे-मागे जातं त्या दिशेने, तर लाटण्याचा मधला भाग उचलला जाऊन कमान होते. कमानीचा एक पाय या बाजूला फिरतो, दुसरा त्या बाजूला, आणि वर चढणाऱ्या मुख्य झोताच्या वाट्याला निव्वळ फिरकी येत नाही. पण हवा लाटण्याच्या लांबीच्या दिशेने शिरली, तर आटे पाडलेला स्क्रूच ढगात चालला म्हणायचा. झोत उभा झाला की अख्खा फिरायला लागतो. हे रॉबर्ट डेव्हिस-जोन्स यांनी १९८४ साली नीट मांडून दाखवलं, आणि ते काम करत होते तुमच्या शेजारच्या नॉर्मन गावात. तुमच्याकडे खालून मेक्सिकोच्या आखाताचा दमट दक्षिणवारा येतो आणि वर पश्चिमेचा वाढत जातो. लाटणं दक्षिणोत्तर पडतं, खालचा वारा त्याच्याच लांबीने आत घुसतो. वादळांना याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

टीव्हीवरचा आकडा म्हणजे जमिनीपासून तीन किलोमीटरपर्यंत (हल्ली एक किलोमीटरपर्यंतचाही वेगळा देतात) थराथराने केलेल्या या गुणाकाराची बेरीज. वारा ढगावर बसून पाहिल्यासारखा मोजायचा, म्हणजे ढगाचा स्वतःचा वेग वजा करून. एकक येतं मीटरचा वर्ग भागिले सेकंदाचा वर्ग. तीन किलोमीटरचा आकडा १५० च्या पुढे गेला की अंदाज वर्तवणारे कान टवकारतात, ३०० च्या पुढे गेला की खुर्ची पुढे ओढतात. मात्र नुसत्या चारशेला घाबरू नका. थंडीतल्या निरभ्र दिवशीही चारशे भरू शकतात. ढगच नसेल तर स्क्रू आहे, पण लाकूड नाही.

प्रश्न : आमच्या वर्ध्याकडे चैत्रात भर दुपारी वावटळ उठते. तीपण गोल फिरत वर जाते. मग तिच्यात तुमची ती हेलिसिटी असेल की नाही? असेल तर ती दोन मिनिटांत का विरते?

उत्तर : असते. वावटळ म्हणजे उभा स्क्रूच. तिचे आटे सुलटेही असतात, उलटेही. आमच्या केंद्राच्या मैदानात मी दोन्ही बाजूंनी फिरणाऱ्या पाहिल्यात. एवढ्याशा गोष्टीला पृथ्वीच्या फिरण्याची दखल घ्यायला सवड नसते. ती विरते कारण तिचा सगळा संसार तापलेल्या जमिनीच्या दोन बोटं हवेवर चालतो. ती गरम हवा ओढून संपली, किंवा वावटळ नांगरटीतून हिरव्या रानात शिरली, की खेळ खलास. मोठ्या वादळाला आजूबाजूच्या दोन-तीन किलोमीटर जाड हवेतून तयार पीळ मिळत राहतो. वावटळीला हा पुरवठाच नाही.

प्रश्न : मी कोल्हापूरला फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. हेलिसिटीमुळे टर्ब्युलन्स कमी होतो आणि म्हणून फिरणारी वादळं जास्त टिकतात, असं एका ठिकाणी वाचलं. दुसऱ्या ठिकाणी वाचलं की हे खरं नाही. कोणाचं खरं धरू?

उत्तर : तुझा प्रश्न या सगळ्यांत मला जास्त आवडला, म्हणून तुला जास्त जागा.

पावसाळ्यात पंचगंगेच्या पुलावर उभी राहून खांबामागे बघ. खांबाएवढा भोवरा सुटतो, पुढे जाऊन त्याचे दोन-चार होतात, त्यांचे आणखी बारके. शेवटी इतके बारके, की पाण्याच्या चिकटपणात त्यांची ऊर्जा उष्णता होऊन जिरते. मोठ्याने लहानाला द्यायचं, लहानाने आणखी लहानाला. टर्ब्युलन्सचा कारभार असा चालतो. फोडाफोडी करणारं हे कलम प्रवाहाच्या समीकरणात वेग आणि फिरकी यांच्या सदिश गुणाकाराच्या रूपात लिहिता येतं. वेग आणि फिरकी एकाच दिशेत आले की सदिश गुणाकार शून्य. म्हणजे फोडणाऱ्याचे हातच बांधले. आणि नेमका त्याच वेळी त्या दोघांचा अदिश गुणाकार सगळ्यात मोठा असतो. हा अदिश गुणाकार म्हणजेच हेलिसिटी. अशा पूर्ण समांतर प्रवाहाला बेल्ट्रामी प्रवाह म्हणतात, ते तुझ्या पुस्तकात असेल.

आता थोडा इतिहास. चिकटपणा नसलेल्या आदर्श द्रवात एकूण हेलिसिटी बदलत नाही, हे १९६१ साली फ्रान्सच्या मोरो यांनी दाखवलं. फारसं कोणी वाचलं नाही. १९६९ मध्ये केंब्रिजच्या कीथ मोफॅट यांनी ते स्वतंत्रपणे शोधलं, कणभौतिकीतून नाव उसनं आणलं आणि त्याचा अर्थही सांगितला: हेलिसिटी म्हणजे भोवऱ्यांच्या रेषा एकमेकींत किती गुंतल्या आहेत त्याचं माप. दोन बांगड्या एकमेकींत अडकवल्यासारखी दोन भोवऱ्यांची कडी असतील, तर प्रत्येकीची फिरकी घेऊन गुणाकार करा आणि दुप्पट करा, हेलिसिटी मिळाली. सुट्या बांगड्यांची शून्य. त्यांचं सूत्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हातातल्या बांगड्या काढून टेबलावर करून बघितलं होतं. काचेच्या बांगड्या एकमेकींत अडकत नाहीत हे तेवढ्यापुरतं विसरले होते.

टर्ब्युलन्सशी संबंध १९७३ मध्ये रॉबर्ट क्रेचनन आणि फ्रान्समधल्या एका गटाने वेगवेगळा तपासला. सार असं, की भरपूर पीळ असलेल्या प्रवाहात ऊर्जा बारक्या भोवऱ्यांकडे जायला उशीर लागतो. हे पकडून १९८६ साली डग्लस लिली यांनी (हेसुद्धा ओक्लाहोमाचे) म्हटलं, की फिरणारी मोठी वादळं तासन् तास टिकतात ती याच कारणाने. पीळ त्यांना आतून उसवू देत नाही.

कल्पना सुंदर आहे. मीही तिच्या प्रेमात होते. पण आक्षेप दमदार आहेत. एक तर अशा वादळात वारा उंचीबरोबर बदलत असल्यामुळे पाऊस आणि गारा वर चढणाऱ्या झोताच्या बाजूला जाऊन पडतात. साध्या ढगात पाऊस त्याच झोतात पडून त्याचा गळा घोटतो, इथे तसं होत नाही. दुसरं, फिरत्या झोताच्या मधोमध दाब उतरतो आणि तो खालची हवा आणखी जोराने वर खेचतो. या दोन गोष्टींनीच दीर्घायुष्याचा बराचसा हिशेब लागतो. शिवाय बारक्या भोवऱ्यांकडे जावं तसतसा पीळ विरळ होत जातो. डावे-उजवे, म्हणजे उलटे-सुलटे, आटे सारख्याच प्रमाणात सापडायला लागतात आणि फोडाफोडी नेहमीसारखी चालू राहते. मला विचारशील तर लिलींनी वर्णन बरोबर केलं, कारण मात्र ताणलं. वादळात पीळ खूप असतो, हे खरंच. पण तो टिकण्याचं कारण कमी आणि टिकाऊ वादळाची ओळख जास्त आहे.

यात एक गंमत आहे. २०१२ मध्ये बिफेराले, मुसाक्कियो आणि टोस्की यांनी संगणकावर असा प्रवाह चालवला, ज्यात फक्त एकाच हाताचे आटे ठेवले, दुसऱ्या हाताचे सगळे काढून टाकले. ऊर्जा उलटी फिरली! बारक्याकडून मोठ्या भोवऱ्यांकडे निघाली. खऱ्या हवेत असं कोणी गाळून देत नाही. पण एवढ्यावरून कळतं की ऊर्जा बारक्याकडे उतरते ती डाव्या आणि उजव्यांच्या झटापटीमुळे.

आणि हे शेवटचं तुझ्या वर्गात सांग. शिकागोत क्लेकनर आणि अर्व्हाइन यांनी २०१३ मध्ये थ्री-डी प्रिंटरवर गाठीच्या आकाराची पाती छापून, ती पाण्यात झटका देऊन ओढून, पाण्यातच भोवऱ्याची खरीखुरी गाठ बांधली. बारीक बुडबुड्यांमुळे ती दिसतेही. गाठ क्षणभरात सुटते, कारण पाणी काही आदर्श द्रव नाही. मग हेलिसिटी गेली का? पुढच्याच वर्षी त्या गटाने मोजून दाखवलं की बहुतेक राहिली. रेषा एकमेकींतून सुटल्या, पण सुटताना प्रत्येक रेषेने स्वतःभोवती वळसे घेतले. गाठीतली हेलिसिटी वळशांत उतरली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे आपल्याकडे हेकेखोर माणसांबद्दल म्हणतात. मी ते वाचलं तेव्हा एकटीच मोठ्याने हसले.

प्रश्न : मी रत्नागिरीचा. पावसाळ्यात खाली पश्चिमेचा सोसाट्याचा वारा आणि खूप वर पूर्वेचा, असं तुम्हीच एकदा लिहिलं होतं. वर-खाली एवढा फरक असताना आमच्याकडे जून-जुलैत टोर्नेडो का होत नाहीत? आणि निसर्गसारख्या चक्रीवादळात हा पीळ असतो का?

उत्तर : फरक मोठा आहेच. खाली साधारण दीड किलोमीटरवर पश्चिमेचा झोत असतो, ज्याचा माग फिंडलेटर यांनी १९६० च्या दशकात काढला. चौदा-पंधरा किलोमीटरवर पूर्वेचा असतो, तो आपल्या कोटेश्वरम् यांनी १९५८ साली जगापुढे मांडला. पण नीट बघा. पश्चिमेचा वारा उंचीबरोबर मंदावत मंदावत शून्य होतो आणि पूर्वेचा सुरू होतो. तो उलटतो, वळत मात्र नाही. लाटणं भरपूर फिरतंय, पण हवा त्याला आडवी शिरते. जमिनीच्या घर्षणामुळे पहिल्या किलोमीटरभरात वारा थोडा वळतो. एकमनने १९०५ साली समुद्रातल्या प्रवाहासाठी मांडलेलं ते वळण हवेतही रोज असतं आणि आपल्या गोलार्धात त्याचा पीळ धनच असतो. पण तेवढ्याने भागत नाही. शिवाय तुमच्या किनाऱ्यावरचे बरेच पावसाळी ढग उंचीने बेताचे असतात. तळापासून वरपर्यंत सगळी हवा ओलीचिंब, त्यामुळे झोताला वर फेकणारा जोर कमी.

याच्या उलट बंगाल बघा. मार्च ते मेमध्ये खाली बंगालच्या उपसागराचा दमट दक्षिणवारा, वर छोटा नागपूरकडून येणारा कोरडा पश्चिमवारा. ओक्लाहोमाचाच नकाशा. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशात दौलतपूर-सातुरियाच्या टोर्नेडोत सुमारे तेराशे माणसं गेली. इतके बळी घेतलेला दुसरा टोर्नेडो नोंदींत नाही, आणि तो आपल्या शेजारचा आहे, हे आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक असतं.

चक्रीवादळाचं म्हणाल तर तिथे पीळ भरपूर. आपल्या गोलार्धात हवा घड्याळाच्या उलट फिरत वर चढते, म्हणजे सुलटे आटे. ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं ते निसर्गही तसंच. खरा वाद चक्रीवादळाच्या जन्माचा आहे. १९८३ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञांनी, मोइसेयेव्ह, साग्देयेव्ह आणि सहकाऱ्यांनी, अशी मांडणी केली की बारक्या ढगांच्या खळबळीला एकाच हाताचा पीळ असेल, तर ती ऊर्जा मोठ्या भोवऱ्याला चारू शकते. सूर्य आणि पृथ्वी यांची चुंबकीय क्षेत्रं अशाच प्रकारे पोसली जातात, असा सिद्धान्त त्याआधीच होता. त्यावरून ही सुचली. २०१० मध्ये लेविना आणि माँटगोमेरी यांनी संगणकातल्या बाळ-चक्रीवादळाची हेलिसिटी मोजली तेव्हा फिरत वर चढणाऱ्या गरम ढगांत ती साठत जाताना दिसली. म्हणून जन्माचं कोडं सुटलं, असं मी म्हणणार नाही. पण जन्माची चाहूल लागायला हा आकडा कामाचा वाटतो.

प्रश्न : मी नाशिकचा निवृत्त शिक्षक. संगणक नाही. कागद-पेन्सिलीने हेलिसिटी काढता येईल का?

उत्तर : येईल, आणि सर, माझ्या मते ती तशीच काढावी.

१९९० च्या आसपास मला एका नियतकालिकात ही कृती सापडली आणि मी माझी जुनी वही उघडली. त्यात विदर्भातली एक एप्रिलची दुपार होती. फुगा आधी सरळ उत्तरेकडे गेला होता, मग हळूहळू उजवीकडे वळत पूर्वेला. म्हणजे खाली दक्षिणेचा वारा, वर पश्चिमेचा. त्या संध्याकाळी लिंबाएवढ्या गारा पडून केंद्राच्या पत्र्याची चाळण झाली होती. वहीत मी त्या वळणापुढे ‘फुगा हातचा गेला’ एवढंच लिहून ठेवलं होतं.

ग्राफ पेपर घ्या. मध्यबिंदूवर ढग उभा आहे असं समजा. प्रत्येक उंचीवरच्या वाऱ्यातून ढगाचा वेग वजा करून उरलेला वारा बाणाने काढा; बाण वारा जातो त्या दिशेने. एक चौकोन म्हणजे सेकंदाला एक मीटर. बाणांची टोकं खालून वर क्रमाने जोडा. पहिला बाण, शेवटचा बाण आणि ही रेघ यांनी घेरलेले चौकोन मोजा आणि दुप्पट करा. रेघ घड्याळाच्या दिशेने वळत असेल तर धन.

करून बघा: सेकंदाला १० मीटरचा वारा दक्षिणेकडून पश्चिमेकडे एकसारखा वळत गेला तर पाव वर्तुळ मिळतं, ७८ आणि थोडे चौकोन, दुप्पट १५७. तीच दोन टोकं सरळ रेषेने जोडली तर १००. वेग दीडपट, म्हणजे १५ केला, की पाव वर्तुळाचे ३५३. आणि वारा कितीही सोसाट्याचा असला पण मध्यबिंदूतून जाणाऱ्या एकाच रेषेत वाढत गेला, तर शून्य. रत्नागिरीच्या वाचकांनीही हे काढून बघावं.

कडेचे चौकोन अर्ध्याहून मोठे असतील तर पूर्ण धरा, लहान असतील तर सोडा. मी सुरुवातीला कडेचे सगळेच सोडून द्यायचे. त्यामुळे माझी वादळं वर्षभर जरा मवाळच निघाली.